खाली ठेवलेली दोरी

सोमवारी सकाळी रीडिंग स्टेशनवर पॅडिंग्टनच्या गाडीत चढताना प्रज्ञेशने दाराजवळचा दांडा धरला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दांडा चांगला गार होता, ऑक्टोबरातल्या सकाळी असतो तसा. जळत होता तो त्याचा तळहात. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर त्याने कोणाचं लक्ष नाही असं पाहून उजवा हातमोजा बोटांपर्यंत सोलला. करंगळीच्या मुळापासून अंगठ्याखालच्या उंचवट्यापर्यंत एक लाल पट्टा आडवा गेला होता. कडेची कातडी सुटली होती, मधला भाग ओला होता. शनिवारी दुपारी हे झालं, आणि त्यानंतर दोन रात्री झोपूनही त्याला ते आपल्या हातावरचं वाटत नव्हतं. तो पाहत होता तेवढ्यात फोन थरथरला. बॉसचा, ग्रॅहमचा मेसेज होता. पुढच्या मे महिन्यात कॅनडा, काळ्या अस्वलाची शिकार, जंगलातला गाईड आपल्यासाठी एक जागा धरून बसलाय, त्याला आज रात्री सांगायचंय. प्रॅड, तू येतोयस ना? खाली अस्वलाचं एक चित्र, हात वर करून नाचणारं. प्रज्ञेशने हातमोजा पुन्हा चढवला आणि फोन मांडीवर उपडा ठेवला.

नाही म्हणायचं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. अडचण अशी की नाही म्हणायला कारण लागतं, आणि गाडी ट्वायफर्ड ओलांडून गेली तरी त्याला धड एक कारण सापडत नव्हतं. मे महिन्यात ईशिताची परीक्षा आहे, हे एक. पण परीक्षा ईशिताची, आणि ती अभ्यासाला बसली की बापाला खोलीत येऊ देत नाही, हे ग्रॅहमला ठाऊक होतं. असल्या गोष्टी प्रज्ञेशनेच त्याला हसत हसत सांगितलेल्या. पाठ दुखते, हे दुसरं. पण परवाच तो डोंगरावर पाच तास वाकून, रांगून, सरपटून आला होता. आणि आम्ही बौद्ध, आम्ही जीव घेत नाही, हे तिसरं, सगळ्यांत मोठं, सगळ्यांत खरं. तर ते त्याने या खेपेला आधीच खर्चून टाकलं होतं. स्कॉटलंडला येईन पण बंदूक हातात घेणार नाही, असं त्याने ग्रॅहमला महिनाभर आधी सांगितलं, आणि ग्रॅहम म्हणाला, त्यात काय, कोणीतरी नुसता देखावा बघायलाही लागतोच. अस्वलाच्या वेळीही तो हेच म्हणणार. गाईड आमिष ठेवतो, आपण झाडावरच्या फळीवर गप्प बसायचं, गोळी झाडणारे झाडतील, तू बस की शेजारी. नकार एकदा देऊन बसलं की तो किती लवकर बोथट होतो, याचं प्रज्ञेशला नवल वाटलं. खरं म्हणजे स्वतःचा थोडा रागही आला.

राग यायचं कारण असं, की जायचं त्याच्याही मनात होतं. विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं करणाऱ्या त्या ऑफिसात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि दर वर्षी पानगळीत ग्रॅहम मोजक्या चार-दोन जणांना घेऊन डोंगरावर जायचा. सोमवारी ते लोक चेहरे उन्हावाऱ्याने रापवून परत यायचे आणि चहाच्या मशीनपाशी कुठल्यातरी गोष्टीवर हसायचे. काय झालं, असं विचारलं तर म्हणायचे, तिथे असायला हवं होतंस. वीस वर्षं प्रज्ञेश तिथे नव्हता. त्याला कोणी टाळलं असं म्हणता येणार नाही. वाढदिवसाला केक, बढतीला कार्ड, त्याच्या वडिलांच्या वेळी तर ग्रॅहम स्वतः काळा टाय बांधून विधीला आला आणि पादत्राणं काढून शेवटपर्यंत मांडी घालून बसला. फक्त हसणं तेवढं दुसरीकडे चालायचं. आता ग्रॅहम पुढच्या वर्षी निवृत्त होणार, त्याच्या काचेच्या खोलीत कोण बसणार हे कोणी बोलत नव्हतं, आणि यंदा प्रथमच त्याने प्रज्ञेशला विचारलं होतं. तो हो म्हणाला. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मारू नकोस म्हणजे झालं." आणि जरा वेळाने, "स्वेटर दोन ने."

आईलाही आज काहीतरी सांगावं लागणार होतं. सकाळी तो हातमोजे घालूनच स्वयंपाकघरात आला, घालूनच चहा प्यायला. कांताबाईंनी कपाकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं. "घरात हीटिंग चालू आहे ना रे?" "हो आई." "मग कुडकुडतोयस कशाला?" "निघायचंच आहे आता, म्हणून." सत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तर तिला नको तेही दिसायला लागलं होतं. ती नुसती म्हणाली, "रविवारचं पाठ झालं का? झालं नसेल तर आज रात्री माझ्यासमोर म्हणून दाखव." प्रज्ञेशने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडी गाठली.

रविवारचं म्हणजे आजोबांची गोष्ट. धम्मचक्र दिनानंतरच्या रविवारी रीडिंग, स्लाव, क्रॉयडन इकडची ओळखीची कुटुंबं एक हॉल भाड्याने घेतात. वंदना होते, मुलं काहीबाही करून दाखवतात, आणि जेवणाआधी कांताबाई उठून आपल्या सासऱ्यांची, यादवरावांची गोष्ट सांगतात. मिरजेकडचं गाव. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारवाड्याचं काम, बापाकडून मुलाकडे आलेलं, ज्याला नाही म्हणता येत नाही असं. आता हे करायचं नाही, असा बाबासाहेबांचा शब्द वाड्यापर्यंत पोचला होता, पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. पाटलाचा बैल मेला. यादवराव एकोणीस-वीस वर्षांचे. चौघांनी दोऱ्या लावल्या, बैल निघाला, आणि भर गावात, चावडीसमोर, सगळे बघत असताना यादवराव थांबले आणि त्यांनी दोरी खाली ठेवली. इथे कांताबाई हटकून थांबत आणि बोट वर करत. "टाकली नाही हं, ठेवली. टाकतो तो रागावलेला असतो." मग पाटलापुढे यादवरावांचं भाषण यायचं, मान, माणुसकी, जन्म आणि कर्म, ते लांब होतं आणि लोकांना पाठ होतं. मग गावाने विहीर बंद केली ते, दळण बंद केलं ते, वाड्याने ते दिवस कसे काढले ते. शेवटी त्या म्हणत, त्या दिवसापासून आमच्या घरातल्या कोणाही माणसाने मेलेल्या जनावराच्या दोरीला हात लावलेला नाही. टाळ्या पडत. मग जेवण. यंदा त्यांना बोलताना दम लागत होता, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, प्रज्ञेश, आता तू सांग. त्याने आनंदाने होकार दिला होता. तेव्हा हात धड होता.

स्लावच्या पुढे गाडी हळू झाली आणि खिडकीवर पावसाचे थेंब तिरके धावू लागले. शनिवारीही असंच भुरभुरत होतं. डोंगरावर पाऊस पडतो असं वाटतच नाही, तो हवेतच असतो. शिकार दाखवणारा माणूस, तिकडे त्याला स्टॉकर म्हणतात, तो पुढे. त्याचं नाव कॅलम. त्याच्या मागे ग्रॅहम, त्याच्या मागे प्रज्ञेश. कॅलमने हात खाली केला की आडवं व्हायचं. नाकाशी ओली माती, कुजलेल्या मुळांचा गोडसर वास, बाहीतून कोपरापर्यंत शिरणारं पाणी. आणि दरीपलीकडून हरणांच्या नरांचं ओरडणं. हरीण असं ओरडतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. खोल, खरखरीत, पोटातून ओढून काढलेलं. प्रज्ञेशला भीती वाटत नव्हती. उलट आतून एक स्वच्छ शांतता होती, कारण त्याने आपली राखण चोख केली होती. आदल्या संध्याकाळी लॉजच्या दिवाणखान्यात बाकीचे शेकोटीपाशी पाय पसरून बसले असताना तो खोलीत जाऊन खाली बसला आणि पंचशील म्हणाला. पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही, हे तर दोनदा. त्याच दिवाणखान्याच्या दाराशी पेंढा भरलेलं काळं अस्वल उभं होतं, मालकाच्या पणजोबाने कॅनडातून आणलेलं, पुढच्या पंजांवर पितळी तबक धरून. येणारे-जाणारे त्यात गाडीच्या किल्ल्या टाकत. ग्रॅहमने आपली किल्ली टाकली, अस्वलाच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, पुढच्या वर्षी याच्या नातेवाइकांकडे. सगळे हसले. प्रज्ञेशही हसला, आणि अस्वलाच्या काचेच्या डोळ्यांत त्याला ते सगळे दिसले, लहान लहान, शेकोटीसकट, आणि त्यांच्यात तो.

ग्रॅहमने गोळी झाडली तेव्हा प्रज्ञेशने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर बरं, असं नंतरही वाटलं नाही. नर दोन-चार पावलं चालला, काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि बसला. मग आवाज फिरून परत आला. ते जवळ गेले तेव्हा कॅलमने टोपी काढली, पुन्हा घातली आणि चाकू काढून पोट मोकळं केलं, वाफ निघाली. हे सगळं प्रज्ञेशने पाहिलं, आणि मनात म्हणाला, मी केलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा हा डोळे उघडे ठेवून नुसता ताटलीपाशी बसला होता, म्हणाना. पण शील मोडलं नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. वीस वर्षांत ग्रॅहमला काही ठणकावून सांगितलं असेल तर एवढंच. मग कॅलमने पिशवीतून दोरी काढली. शिंगांच्या मुळाशी फास घातला, एक टोक ग्रॅहमला दिलं आणि दुसरं प्रज्ञेशकडे केलं. गाडी खाली ओढ्यापाशी होती, तिथवर ओढत न्यायचं. गोळी झाडणाऱ्याने आणि पाहुण्याने ओढायचं, अशी रीत. ज्याने बंदूक धरली नाही त्यालाही यात वाटा मिळतो, आणि तो मान असतो, असं ग्रॅहमने सांगितलं. प्रज्ञेशने टोक घेतलं.

घेतलं, बस. याच जागेवर त्याचं मन परवापासून पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतं. एक क्षणभर अडखळायला हवं होतं, हाताने तरी. पण हाताला काही आठवलं नाही. महिनाभर तो पुढच्या दाराला कडी लावून, त्याला पाठ टेकून बसला होता, आणि मागचं दार सताड उघडं होतं. बंदूक, बंदूक करत राहिला. दोरीचा विचारही मनाला शिवला नाही. दर वर्षी टाळ्या वाजवून ऐकलेली गोष्ट. त्या गोष्टीत बंदूक कुठे होती? बैल तर आपल्या मरणाने मेला होता.

आणि ओढताना बरं वाटलं. हे तो गाडीत बसून स्वतःशीसुद्धा घाईने म्हणाला आणि पुढे सरकला, पण खरं होतं. उतार ओला, गवत बुळबुळीत, नर जड. एकट्याने हलला नसता. ग्रॅहम म्हणायचा, आता, आणि दोघं मिळून रेटा द्यायचे. आता. पुन्हा आता. थोड्या वेळाने म्हणायची गरज उरली नाही, दोघांचं पाऊल एकदम पडू लागलं. खांद्याला खांदा घासत होता, दोघांचा श्वास एकत्र बाहेर पडून पांढरा होत होता, आणि प्रज्ञेशला वाटलं, हेच ते. चहाच्या मशीनपाशी हसतात ते हे. त्याच वेळी ग्रॅहम धापा टाकत म्हणाला, घरचा कचरा बाहेर ठेवायला मी कुरकुर करतो, आणि इथे बघ, मेलेलं जनावर ओढायला मी पैसे मोजतो! प्रज्ञेश मोठ्याने हसला. हसणं तोंडात असतानाच त्याला कांताबाईंचं वर केलेलं बोट दिसलं आणि पाय जागीच रुतले. मागून नराचं डोकं त्याच्या टाचेला येऊन लागलं, हलकेच. कॅलमने पाहिलं. "मी घेऊ का? देऊन टाक हवं तर," तो म्हणाला. साधं विचारलं होतं. हो म्हटलं असतं, दोरी दिली असती, तर डोंगर काही कोसळत नव्हता. पण ग्रॅहमने वळून पाहिलं, भुवया वर करून, आणि प्रज्ञेश म्हणाला, "नो, नो, आय अ‍ॅम फाइन." थांबलो होतो हे पुसून टाकायला त्याने असा काही हिसका दिला की ओली दोरी मुठीतून सरकली आणि तळहात सोलून गेली. तरी सोडली नाही. ओढ्यापर्यंत ओढलं.

आजोबांच्या तळहातावर अशीच रेघ होती. त्याच जागी, फक्त पांढरी. ते एकदाच इंग्लंडला आले, प्रज्ञेश सात-आठ वर्षांचा असताना. क्रॉयडनच्या घरासमोरच्या बाकावर बसून तो त्या रेघेवरून बोट फिरवायचा आणि ते फिरवू द्यायचे. गुळगुळीत लागायची, आजूबाजूच्या रखरखीत हातापेक्षा वेगळी. एका सकाळी समोरच्या रस्त्यावर कोल्हा मरून पडला होता. आजोबा तासभर खिडकीतून त्याच्याकडे बघत होते, कोण येतं ते. कौन्सिलची गाडी आली, नारिंगी जाकिटातल्या एका गोऱ्या माणसाने कोल्हा पिशवीत घातला. आजोबांनी बाबांना विचारलं, याला पगार असतो? असतो. आणि याच्या पोराला पण हेच करावं लागतं? नाही, पोराला हवं ते करता येतं. हे ऐकल्याबरोबर आजोबा स्लिपर घालून तरातरा बाहेर गेले आणि त्या माणसाचा हातमोज्यातला हात त्यांनी दोन्ही हातांत धरून हलवला. तो बिचारा घाबरला. गावी परत गेल्यावर आजोबांनी राणीचा राजवाडा कोणाला सांगितला नाही, कोल्हा सांगितला. प्रज्ञेशला हे आठवलं आणि तो गाडीत हसला, आणि समोरची बाई आपल्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर गप्प झाला. पॅडिंग्टन आलं होतं.

ऑफिसात दिवस चांगला गेला, तेच वाईट. ग्रॅहमने सगळ्यांसमोर त्याचा मोजा काढायला लावला आणि जखम दाखवली. "कॅलम म्हणाला देऊन टाक, पण हा सोडेना!" लोक जवळ आले. चहाच्या मशीनपाशी कोणीतरी विचारलं, काय झालं रे एवढं? आणि प्रज्ञेशच्या तोंडून निघून गेलं, तिथे असायला हवं होतंस. त्याला ते गोड लागलं. ग्रॅहम जाता जाता म्हणाला, अस्वलाचं आज नक्की करायचंय, विसरू नकोस. "आज रात्री कळवतो," प्रज्ञेश म्हणाला, आणि काचेच्या खोलीकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच पाहिलं.

संध्याकाळी दार ईशिताने उघडलं. त्याच्या बायकोची, सीमाची हॉस्पिटलात ड्यूटी होती. "डॅड, आजी मला विचारला, डॅडचा हात काय झाली," ईशिता म्हणाली. तिच्या मराठीत कोण पुरुष आणि कोण बाई याचा हिशेब नव्हता, पण बातमी बिनचूक असायची. "आय सेड आय डोंट नो. बट शी नोज समथिंग, डॅड." आणि ती जिन्यावरून पसार झाली. स्वयंपाकघरात कांताबाई ज्वारीचं पीठ परातीत घेऊन, वर गरम पाणी ओतून उभ्या होत्या. प्रज्ञेशने अजून कोटही काढला नव्हता.

"बरा आलास. माझे खांदे भरलेत आज. एवढं पीठ मळून दे."

"आई, मी आत्ताच येतोय..."

"पाणी निवलं की भाकरी तुटते. ये."

आता हातमोजे घालून पीठ काही मळता येत नाही. बाईने जागा बरोबर हेरली होती. प्रज्ञेशने मोजे काढून खिशात घातले, नळाखाली हात धुतले आणि उजवा हात पिठात घातला. गरम पाणी आणि मीठ जखमेत शिरलं तशी कळ कोपरापर्यंत गेली आणि त्याने ओठ आवळले. कांताबाईंनी त्याचं मनगट धरलं, हात परातीतून बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. कसली जखम आहे असं त्यांनी विचारलं नाही. लग्नानंतर इंग्लंडला येईपर्यंत त्यांनी या जागी रेघ असलेल्या हाताला जेवायला वाढलं होतं.

"बैल नव्हता ना?" त्या म्हणाल्या.

"हरीण. मी मारलं नाही आई. मारलं ग्रॅहमने. मी फक्त..." मग त्याने सगळं सांगितलं. कॅलम, शिंगाचा फास, पाहुण्याचा मान. पिठाने भरलेला हात तिच्या हातात तसाच होता.

"दुसरं टोक कोणी धरलेलं?"

"ग्रॅहमने. आमच्या बॉसने."

"स्वतः?" त्यांनी यावर विचार केला. "आणि सोड म्हणालं का कोणी तुला?"

"म्हणाले. मी नाही सोडली."

"का?"

दिवसभर तो कारणं शोधत होता, आता इथेही एक लागत होतं. त्याने परातीकडे पाहिलं. "बरं वाटत होतं," तो म्हणाला. "दोघांचं पाऊल एकदम पडत होतं. मला कोणी कधी असं बरोबर घेतलेलं नाही, आई. इतक्या वर्षांत." हे बोलल्यावर त्याला वाईट वाटलं, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आईपुढे असा बोलतो याचं. आता ती हात सोडेल, असं त्याला वाटलं. म्हणेल, रविवारी मीच सांगते, तू नको.

कांताबाईंनी हात सोडला नाही. नळ उघडून त्यांनी पीठ धुतलं, हळूहळू, रेघेच्या कडेकडेने. "त्यांनाही बरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजोबांना. मला एकदाच म्हणाले, शेवटच्या आजारात मी गावी गेले होते तेव्हा. काम घाण, वास घाण, लोकांच्या नजरा त्याहून घाण. पण चौघं भाऊ-भाऊ एका दमात ओढायचे, हुंकार द्यायचे, तेव्हा अंगात काहीतरी यायचं, म्हणाले. दुसरीकडे कुठे कोण आम्हाला खांद्याला खांदा लावू द्यायचं? त्या दिवशी दोरी ठेवली तेव्हा पाटील मागे राहिला, त्याचं काही नाही. पण दुसरं टोक धाकट्या भावाच्या हातात होतं, आणि तो बघत राहिला. तेवढं जड गेलं, म्हणाले."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"स्टेजवर कसं सांगू? लोक टाळ्या कुठे वाजवतील?"

"आणि मग ते भाषण? माणुसकीचं, जन्माचं..."

"ते तुझ्या बाबांनी घातलं. चांगलं आहे, मुलांना पाठ करायला बरं पडतं." त्यांनी फडक्याने त्याचा हात टिपला. "तुझे आजोबा एक अक्षर बोलले नव्हते. पाटलाने विचारलं, का रे? भावाने विचारलं, का रे दादा? ते नुसते घरी आले. आता मळ ते पीठ डाव्या हाताने, निवलं सगळं."

प्रज्ञेश डाव्या हाताने पीठ मळू लागला. ते मोडत होतं, पुन्हा एक होत होतं. वर ईशिताच्या खोलीत गाणं लागलं आणि बंद झालं. तव्यावर पहिली भाकरी पडली, तिच्यावर पाणी फिरलं, ओल्या ज्वारीचा वास सुटला. मग त्याने हात पुसले, फोन काढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: ग्रॅहम, मी येणार नाही. परीक्षेचं लिहायला बोट वळलं होतं, तिथेच थांबलं. काचेची खोली गेली, हे त्याला स्पष्ट दिसलं. कदाचित मशीनजवळचं हसणंही गेलं. अंगठ्याने त्याने मेसेज पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. ग्रॅहम जेवणाच्या टेबलावर असणार, बायकोची नजर चुकवून. "ओह. का रे?"

प्रज्ञेशने ते दोनदा वाचलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारलं होतं. सांगण्यासारखं खूप होतं आणि ग्रॅहमने ऐकूनही घेतलं असतं, मांडी घालून. एखाद्या दिवशी सांगूही. कांताबाई तव्याकडे बघत होत्या, पाठमोऱ्या, आणि भाकरी फुगायची वाट बघत असाव्यात. त्याने फोन ओट्यावर, परातीच्या शेजारी, हळूच खाली ठेवला. टाकला नाही. मग दोन्ही हात मोकळे करून तो भाकरी घ्यायला ताटापाशी बसला.